रुपरावांची मलमल

रुपराव चरडे यांना कशाची भीती वाटत नाही हे शोधायला गेलं असतं, तर दिवस मावळला असता. वीज, खाकी कपडा, मोकाट कुत्रं, दारात उभा राहिलेला तारवाला, फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस आणि विहीर. विहिरीची भीती सगळ्यात जुनी. नरखेड तालुक्यात घरचा संत्र्याचा बगीचा होता. पंपाचं काही बिघडलं की थोरला भाऊ विहिरीत उतरायचा आणि काठावर दोर धरून रुपराव उभे राहायचे. एकदा भावाने खालून वर पाहिलं, तर दोर धरणाऱ्याचे डोळे गच्च मिटलेले. वर आल्यावर त्याने शिवी दिली नाही. जरा दम खाल्ला आणि म्हणाला, "बाबू, तू शहरात नोकरी पाह्य गा. तुह्या भरवशावर मी एखांद्या दिवशी खालीच राहीन."

म्हणून रुपराव नागपूरला आले. आणि नशीब पाहा, सगळं जग ज्याला भितं त्याच कामावर चिकटले. अमरावती रोडला, वस्ती संपते तिथून पुढे, एक छोटीशी प्रयोगशाळा होती. बाहेर पाटी इंग्रजीत, आत यंत्रं, आणि काम अणुभट्टीच्या इंधनाच्या कांड्यांचं. रुपरावांना मदतनिसाची जागा मिळाली. हे कळल्यावर ते सडकेवरूनच परत फिरणार होते. पण तेव्हा लग्न झालेलं होतं, आणि परत जाऊन भावाला काय सांगायचं याची भीती त्याहून मोठी निघाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रमुखांना, घाटेसाहेबांना, हात जोडून विचारलं, "साहेब, थे युरेनियम कोन्या खोलीत ठेवता?"

घाटेसाहेब मोकळेपणाने हसले. "अहो रुपराव, इथे त्याचा कणसुद्धा नाही. इंधन भरतात ते दुसरीकडे, लांब. आपण नुसते जोड लावतो. निर्धास्त राहा."

रुपराव निर्धास्त झाले. एवढ्या मोठ्या साहेबाने सांगितल्यावर न होऊन कोणाला सांगता! पुढची कित्येक वर्षं ती प्रयोगशाळा ही या माणसाच्या आयुष्यातली एकमेव जागा होती, जिथे त्याला कसलीच भीती वाटत नसे. सकाळी सायकलवरून येताना कुत्री, ट्रक, पोलीस, सगळ्यांपासून जीव वाचवत यायचे आणि फाटकाच्या आत शिरले की श्वास सोडायचे.

काम होतं धातूंची सोयरीक जमवायचं. इंधनाच्या कांडीची नळी झिर्कोनियमची असते आणि ज्या भागाला ती जोडायची तो असतो पोलादाचा. या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. थेट तापवून चिकटवले तर मधे असा काही ठिसूळ थर तयार होतो की जोड पापडासारखा कटकन मोडतो. म्हणून दोघांच्या मधे तिसरं काहीतरी घालावं लागतं, जे इकडेही जमवून घेईल आणि तिकडेही. ते तिसरं म्हणजे एक करडी पूड. ती चिकट रसात कालवून जोडाच्या खाचेत भरायची, वाळू द्यायची, आणि मग हवा काढून घेतलेल्या भट्टीत जोड तापवायचा. पूड कालवायचं काम काचेच्या बंद पेटीत, रबरी मोज्यांत हात घालून, एक तंत्रज्ञ करी. खाचेबाहेर आलेली पूड वाळली की ती खरवडून, पुसून जोड लख्ख करायचा आणि भट्टीवाल्याच्या हाती द्यायचा, हे काम रुपरावांचं.

आणि पुसायला काय, तर मलमल. मुंबईहून ठाणच्या ठाण यायचं. दुधाच्या सायीसारखी मऊ, एक तूस सुटणार नाही अशी. कारण जोडावर एक धागा राहिला तरी भट्टीत जळून तिथे डाग पडे आणि साहेबांचा पारा चढे. एकदा वापरलेला तुकडा दुसऱ्यांदा वापरायचा नाही. तो टाकायचा पत्र्याच्या पिंपात, आणि पिंप भरलं की मागच्या आवारात खड्डा करून सगळं पुरून टाकायचं. काहून, असं रुपरावांनी कधी विचारलं नाही. भिंतीवर लाल अक्षरांत एक लांबलचक सूचना होती. ती इंग्रजीत होती, आणि इंग्रजीची भीती मी वर सांगितलीच आहे.

पण पिंप पुरताना त्यांचा जीव तुटायचा. कापूस वेचणाऱ्या घरातला माणूस तो. ज्या तुकड्याने जेमतेम एक जोड पुसला, ज्यावर बोटभर करडा डाग तेवढा दिसतो, अशी कोरीकरकरीत मलमल मातीत घालायची म्हणजे अन्न उकिरड्यावर टाकण्यासारखंच वाटे त्यांना.

राजस्थानात अणुस्फोट झाला त्या साली गणेशपेठेत, रुपराव राहायचे त्या वाडीत, त्यांचा भाव एकदम वधारला. न्हाव्याने दाढी करता करता कानाशी येऊन विचारलं, "भाऊ, खरं सांगा, थो बाँब तुमीच जोडला ना?" रुपरावांनी घाबरून नाही नाही म्हटलं, त्यामुळे न्हाव्याची तर खात्रीच पटली. त्याच साली पावसाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी, सावनेरला दिलेली प्रेमिला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, हे काही मी सांगायला नको. जुनेर लागतं. कोणाचं तरी वापरून, धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर, नाहीतर लुगडं. त्याचीच लंगोटं, त्याचंच झबलं, त्याचंच दुपटं. बाळंतपणाच्या आधी घरातली बाई चार घरी फिरून जुनेर गोळा करते. रुपरावांची बायको मनकर्णा फिरली. पण वाडीत सगळे पायजमे-पँटवाले. धोतरवाला एकच म्हातारा आणि त्याचं धोतर गोणपाटासारखं.

"इतक्या मोठ्या कारखान्यात जाता तुमी," मनकर्णा एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तिथं चिंध्या-फडकी काही नाही भेटत का? पोरीचं पयलं लेकरू आहे. त्याले का पोत्यात गुंडाळू?"

रुपरावांचा घास तोंडातच राहिला. मातीत जाणारी ती सगळी मलमल त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली, मलमलीचे चांगले तुकडे निवडून ठेवले होते. फाटकावर चौकीदाराने नुसतं "चाललात का?" म्हटलं तर सायकलवर बसायचं विसरून ते सडकेपर्यंत चालतच गेले. पण घरी मनकर्णाने ते कापड गालाला लावून पाहिलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की रुपराव पुन्हा आणायला तयार झाले. पावसाळाभर आणत राहिले. चोरी म्हणाल तर ती चोरीच; पण पुरून टाकायच्या वस्तूची चोरी कसली, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. मनकर्णा ते तुकडे धुवायची, सोड्यात उकळायची, उन्हात वाळवायची आणि शिवत बसायची. दिवाळीच्या आत टोपडी, लंगोटं, झबली, आणि तुकडे जोडजोडून केलेलं सात पदरी दुपटं तयार होतं. समोरच्या खोलीतली रंभाबाई, जिला मूलबाळ नव्हतं, ती रोज येऊन टाक्यांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "राजाच्या घरी बी नसन वं असं."

कार्तिकात प्रेमिलेला मुलगी झाली. नागपूरची थंडी त्या वर्षी लवकर पडली होती. पोर मलमलीत गुंडाळलेली, वर नुसतं नाक दिसायचं. रुपराव कामावरून आले की हातपाय धुऊन तिच्यापाशी बसत. हिला उचलताना आपल्या हातून पडेल ही भीती होतीच, म्हणून उचलत नसत. दुपट्याचा काठ तेवढा चिमटीत धरून बसायचे.

बारशाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत उत्तराबाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. उत्तराबाई तिथल्याच शास्त्रज्ञ, नागपूरच्या महाल भागातल्या, वयाने लहान, नुकत्याच मुंबईहून काही महिन्यांचं शिक्षण घेऊन परतलेल्या. इतकी वर्षं कुणाला न सुचलेली गोष्ट त्यांनी केली: भिंतीवरची ती लाल सूचना मराठीत सांगितली.

"या करड्या पुडीत बेरिलियम नावाचा धातू आहे," त्या म्हणाल्या. "हातात घेतला तर एवढं काही नाही. पण त्याची धूळ श्वासातून आत गेली तर फुप्फुसात जाऊन बसते. सगळ्यांनाच बाधते असं नाही. ज्याला बाधते, त्याला लगेच कळतही नाही. कधी कधी वर्षं जातात. मग खोकला, मग दम, आणि मग त्यावर औषध नाही. परदेशात अशा कारखान्यांतल्या कामगारांच्या घरीसुद्धा माणसं आजारी पडली. कारखान्यात पाऊल न ठेवलेली. घरी आलेल्या कपड्यांमुळे, ते धुता धुता. तेव्हा आजपासून अंगावरचे कपडे इथेच बदलायचे, तोंडाला पट्टी बांधायची आणि इथलं काहीही घरी न्यायचं नाही. आत्तापर्यंत कोणी काही नेलंय का?"

रुपराव आपल्या चपलांकडे पाहत होते. त्यांना एकच गोष्ट दिसत होती, दुपट्याबाहेर आलेलं ते इवलंसं नाक.

सगळे पांगल्यावर ते उत्तराबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "बाई, समजा एखांदा कपडा असन. धुतला, उकळला. मंग जाते का थे?"

"बरंचसं जाईल. सगळं गेलं असं कोण सांगणार?" त्यांनी वर पाहिलं. "का हो, रुपराव?"

"नाही, असंच. मले वाटलं, इचारून घ्यावं."

आता कोणी म्हणेल, तिथेच सांगून टाकायला काय झालं होतं? सांगायला तोंड उघडलं की खाकी कपडा दिसायचा. अणूच्या खात्यातली वस्तू चोरली. यात बेड्या पडतात की फाशी होते याचा काही अंदाज नव्हता. आणि घरी सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पंधरा ठिकाणी बोटाला सुई टोचून घेऊन तू नातीसाठी जे शिवलंस ते विष आहे, असं? हे बायकोला सांगणं त्यांना फाशीपेक्षा कठीण वाटत होतं. म्हणून या भित्र्या माणसाने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. जी मलमल चोरून घरी आणली, तीच चोरून परत न्यायला लागले. दोरीवर वाळणारं एक लंगोट आज, एक टोपडं उद्या. डब्याखाली घालायचं आणि प्रयोगशाळेत पिंपात टाकून यायचं.

तान्ह्या बाळाचे कपडे दोरीवरून नाहीसे होतात म्हणजे काय होतं, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. मनकर्णाच्या मात्र पहिलं टोपडं गेलं तेव्हाच ध्यानात आलं. वाऱ्याने उडालं असेल म्हणून तिने गटारापर्यंत शोधलं. मग लंगोट गेलं. मग झबलं. चोर नेईल तर पाणी भरायचा पितळेचा गुंड नेईल. तान्ह्या लेकराचं अंगावरचं नेतो तो करणी करायलाच नेतो. वाडीतल्या बायका दबक्या आवाजात बोलायला लागल्या. आणि त्यातच थंडीने पोरीला सर्दी झाली. छाती घुरघुरायला लागली, दूध पिताना दम लागून ती तोंड सोडून द्यायची.

घरातली सगळी माणसं एकाच आवाजाला भीत होती, पण प्रत्येकाची भीती निराळी. प्रेमिला पोरीला छातीशी घट्ट धरून रडायची. मनकर्णा मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. आणि रुपराव भिंतीला टेकून बसायचे, कान त्या घुरघुरीकडे लावून, आत बसलेला करडा कण न् कण मोजल्यासारखे.

संशयाला माणूस लागतो, आणि तो लांबून आणावा लागत नाही. मूल नसलेली, रोज येऊन त्या कपड्यांवर हात फिरवणारी रंभाबाई समोरच राहत होती. मनकर्णाने आधी तिला बाळ द्यायचं बंद केलं. मग ती आली की दार पुढे ओढायला सुरुवात केली. रंभाबाईला काही कळेना. ती वाटीत ओव्याची पुरचुंडी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "छाती शेका वं इनं, पोट्टीले आराम पडन." ती पुरचुंडी मनकर्णाने तिच्यासमोर गटारात फेकली.

शेवटी वाडीने ठरवलं की रंभाबाईने सगळ्यांसमोर, देवाच्या दिव्यावर हात धरून शपथ घ्यावी. पारशिवनीकडून कोणी जाणता मांत्रिक येणार होता, त्यालाही निरोप गेला होता. सकाळी कामाला निघायच्या वेळी रुपराव सायकल काढत होते, तर अंगणात बायका जमलेल्या. मधोमध पाटावर समई पेटवलेली. रंभाबाई तिच्यापुढे उभी, डोक्यावर पदर, आणि पदराच्या आत तोंड पांढरंफटक.

"माह्यं लेकरू नाही जगलं," ती म्हणत होती, "म्हनून मी दुसऱ्याचं खाईन का? धरतो हात. जळू द्या जळला तं. पन त्या पोट्टीले काही झालं तं माह्यं नाव नका घेऊ वं बायांनो."

"धर मंग," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

रंभाबाईने हात ज्योतीवर नेला. रुपरावांनी तिच्या बोटांवरचा उजेड पाहिला आणि विहिरीच्या काठावर मिटले होते तसे डोळे मिटून घ्यायची त्यांना अनावर इच्छा झाली. मिटले असते तर सगळं निभावलंही असतं. पण या वेळी हात आधी हलला. सायकल तशीच खाली पडली. त्यांनी डब्याची पिशवी उलटी केली. डबा घरंगळत गेला आणि मागून मलमलीचं एक झबलं समईपाशी येऊन पडलं.

"मी नेले," रुपराव म्हणाले. "सगळे कपडे मीच नेले. तिले सोडा."

रंभाबाईने हात मागे घेतला, फुंकर घातली, आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

घरात आल्यावर रुपरावांनी मनकर्णाला सगळं सांगितलं. पूड, पिंप, उत्तराबाई, परदेशातली माणसं. सांगताना मधेच प्रेमिलेने पोरीच्या अंगावरचं दुपटं ओढून काढलं आणि तिला आपल्या लुगड्यात गुंडाळलं. रुपराव लहान पोरासारखे रडत होते. "बाळीले काही झालं तं मी जीव देईन, मनकर्णा. मले रातंदिवस बाळीच दिसून राहिली."

मनकर्णा रडली नाही. ती बराच वेळ त्या झबल्याची शिवण बोटांनी चाचपत बसली. मग तिने विचारलं, "धुतल्यावर बरंचसं जाते म्हनते ना थे बाई?"

"हाव."

"बाळीच्या अंगाले लागलं थे धुतलेलं होतं. सोड्यात उकळलेलं." तिने झबलं खाली ठेवलं. "पन धुयाच्या आंधी थे झटकत होती मी. तुमी आनला तो एक न् एक तुकडा. नळापाशी उभी राहून. करडी पूड उडे, तं मले वाटे लोखंडाची धूळ असन. नाकातोंडात जाये. पदर बी नाही धरला कधी."

रुपरावांचं रडणं जिथल्या तिथे थांबलं.

"त्या बाईनं कपडे धुनाऱ्यायचं सांगतलं म्हनता," मनकर्णा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मंग इतक्या दिवसांत तुमच्या मनात मी नाही आली का जी, एकदाबी?"

आली नव्हती, हेच खरं होतं. दिवसरात्र भीतीने पोखरून निघालेल्या त्या डोक्यात तान्ही नात होती, पोलीस होते, नोकरी होती. आणि जिने ते कापड दोन्ही हातांनी धरून झटकलं ती नव्हती. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

उरलेल्या कपड्यांचं ओलं बोचकं बांधून मनकर्णा स्वतः त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेली. घाटेसाहेब खूप ओरडले, मग एकाएकी गप्प झाले, कारण सूचना मराठीत का लावली नाही या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. बेड्याही पडल्या नाहीत आणि नोकरीही गेली नाही. उत्तराबाईंनी तिघांना दवाखान्यात नेऊन छातीचे फोटो काढवले. पोरीची ती नुसती सर्दीच होती. थोड्या दिवसांत मोकळी झाली. रुपरावांचा फोटो स्वच्छ आला. मनकर्णाचाही स्वच्छ. रुपरावांनी देवाला हात जोडले, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आज काही नाही. पुढे होणारच नाही असं मात्र मी लिहून देणार नाही. खोकला राहिला तर लगेच या."

मनकर्णा बाळाला घेऊन रंभाबाईकडे गेली. दार उघडल्यावर तिने पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि पायांवर डोकं टेकवलं. रंभाबाईने पोरीकडे पाहिलं, तिच्या गालावर बोट फिरवलं आणि उचलून परत दिली. "घे वं. माह्या हातानं काही झालं तं." त्यानंतर ती वाडी सोडून जाईपर्यंत त्यांच्या उंबऱ्याला शिवली नाही. मनकर्णाने किती वेळा बोलावलं, तरी नाही.

पोर सावनेरला वाढली, धडधाकट वाढली, आजोबांना घाबरट म्हणून चिडवण्याएवढी झाली. पण आता आजोबांची ती जुनी भीती कुठे गेली होती कोण जाणे. कुत्री अंगावर आली तरी सायकल संथ चालायची. वीज कडाडली तर मान वर करून बघायचे. सगळी भीती गोळा होऊन एकाच जागी जाऊन बसली होती. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली, मनकर्णाला ठसका लागला, की रुपराव अंगणातून, कधी अर्धी दाढी झालेली असताना, धावत दाराशी यायचे.

"मिरची आहे, मिरची!" ती आतून ओरडायची. "फोडनी बी नको देऊ का मी?"

तरी ते दारात उभे राहायचे. ठसका थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही थोडा वेळ. थंडीत तिला साधं पडसं झालं तर जेवण जायचं नाही. दरवर्षी फोटो काढायला तिला ओढत न्यायचे. सुरुवातीला ती यायची, मग कुरकुरायची, मग एका वर्षी म्हणाली, "आता पुरे. तुमचं तोंड पाहून पाहून मीच बिमार पडीन." वाडीत त्यांची थट्टा व्हायची, म्हाताऱ्याला बायकोचं भारीच कौतुक, असं न्हावी सगळ्यांना सांगायचा. रुपरावांनी ते खोडून काढलं नाही.

पुढे रुपराव निवृत्त झाले. दिवसभर घरातच असायचे, वर्तमानपत्र अक्षर न् अक्षर वाचायचे. एका दुपारी वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की सकाळी मिरचीची फोडणी पडली होती. वास अजून घरात होता. आपल्याला ठसका लागला, शेजारणीला लागला. मनकर्णाला लागला नाही. कालही नव्हता लागला. तिचा खोकला शेवटचा केव्हा ऐकला हे आठवायला लागले, तर आठवेचना. एवढी चांगली गोष्ट, पण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

ती मागे नळावर गेली होती. ते चप्पल न घालता तिकडे गेले. नळ पूर्ण सोडलेला होता, गुंड केव्हाच भरून पाणी वाहत होतं. मनकर्णा भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदराचा बोळा दोन्ही हातांनी तोंडात दाबून धरलेला, आणि खांदे गदगद हलत होते. आवाज मात्र काडीचाही नव्हता. किती दिवसांचा सराव असला म्हणजे इतकं निःशब्द खोकता येतं, कोण जाणे.

खांदे थांबल्यावर तिने पदर पिळून सोडला, डोळे पुसले, वळली, आणि ते दिसले.

"काहून उभे आहा?" तिने विचारलं.

"काही नाही," रुपराव म्हणाले. "पानी वाहून राहिलं होतं."

त्यांनी नळ बंद केला, भरलेला गुंड उचलला आणि तिच्या पुढे घरात चालू लागले. मागे राहिले असते, तर विचारावं लागलं असतं.